खुर्चीतून पळालेला पाणबुड्या

मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेऊन आणणं हा माझा धंदा. किल्ल्याच्या मागच्या अंगाला खडक आहेत, तिथे बोट नांगरायची, आलेल्या माणसाच्या पाठीवर सिलिंडर चढवायचा, तोंडात नळीचं रबरी टोक द्यायचं आणि त्याला धरून खाली न्यायचं. येणाऱ्यांतल्या निम्म्याअधिक लोकांना पोहताही येत नसतं. वर असताना फोटो काढतात, हसतात. पाण्यात उतरून शिडी सोडायची वेळ आली की एकेकाचा चेहरा उतरतो. अशांना धीर देण्यात माझं नाव आहे. फारच घाबरलेलं कोणी असलं की बोटमालक त्याला माझ्याच हवाली करतो.

माझं बोलणं ठरलेलं. "घाबरायचं काही नाही. श्वास तोंडाने घ्यायचा, तोंडानेच सोडायचा. नाक आहे हे विसरून जा. खाली सगळं ठीक असेल तर बोटांचा गोल करून दाखवा. वर यायचं असेल तर अंगठा वर करा. अंगठा दिसला की मी काही विचारत बसत नाही, सरळ वर आणतो." एवढं सावकाश, डोळ्यांत बघून सांगितलं की बहुतेक जण शिडी सोडतात. परत वर आल्यावर हात हातात घेऊन म्हणतात, तुमच्यामुळे झालं. एका बाईंनी तर मला विचारलं होतं, तुम्हाला कधी कशाची भीती वाटतच नाही का? मी नुसता हसलो होतो.

मला दाताच्या डॉक्टरची भीती वाटते. लोक चारचौघांत गमतीने म्हणतात तशी नाही. दवाखान्याचा जिना चढतानाच माझे तळहात गार पडतात आणि कानांत दडे बसल्यासारखं होतं. लहानपणी काही घडलं होतं का, असं पुष्कळांनी विचारलं. मला काही आठवत नाही. बापाबरोबर होडीवर जात होतो, दहावीत असताना बुडी मारून अडकलेली जाळी सोडवत होतो, वादळात सापडलो होतो एकदा. त्यातलं काही अंगाला चिकटून राहिलं नाही. हे मात्र राहिलं, आणि कुठून आलं ते कळत नाही.

त्या भीतीपायीच माझी दाढ गेली. वरच्या डाव्या बाजूची, सुळ्याच्या मागून दुसरी, लहान दाढ. ती किडायला लागली तेव्हा थंड पाणी लागत होतं. मग गरमही लागायला लागलं. मी लवंगेचं तेल लावत राहिलो, उजव्या बाजूने जेवत राहिलो. बायको सकाळी मासळी बाजारात बसते. तिथून घरी आली की माझा गाल बघायची आणि डॉक्टरकडे जाऊन या म्हणून सांगायची. मी हो म्हणायचो. दोन-तीन वेळा कुडाळला म्हणून निघालोही, आणि बाजारातून भाजी घेऊन परत आलो. डॉक्टर नव्हते, असं सांगितलं. तिने ते खरं मानलं की नाही, मला ठाऊक नाही. तिने भाजी घेतली आणि निवडायला बसली.

पावसाळ्यात बोटी बंद असतात. त्या दिवसांत गाल एवढा सुजला की डोळा मिटला. तेव्हा बायकोने आणि तिच्या भावाने मला गाडीत घातलं आणि दाढ काढून आणली. मेहुण्याने माझे खांदे धरले होते. मेहुणा माझ्याहून लहान आहे. त्यानंतर कित्येक दिवस तो घरी आला की मी मागच्या दाराने माडांत निघून जात असे.

दाढ गेली, दुखणं थांबलं, आणि मला वाटलं की विषय संपला. पण हंगाम सुरू झाल्यावर पाण्याखाली अडचण यायला लागली. आमच्या नळीचं जे टोक तोंडात धरतात त्याला आतून दोन्ही बाजूंना रबराची छोटी पाती असतात. ती दाढांत धरून ठेवायची असतात. माझ्या डाव्या बाजूला नेमकी तिथेच खिंड. पातं हिरडीवर घासायचं, टोक तिरकं व्हायचं, कडेने पाणी आत यायचं. मी उजव्या बाजूने जोर लावून धरत होतो. दिवस संपला की जबडा दुखायचा, डोकं दुखायचं. मग एकदा खाली असताना एका पाहुणीचा पाय जोरात हलला, तिची टाच माझ्या नळीला लागली आणि टोक तोंडातून निघालंच. ते पुन्हा पकडून तोंडात घालायला शिकवलेलं असतं, मी घातलं. पाहुणीला काही कळलंही नाही. पण शेजारी दुसरा डायव्हर होता, त्याने पाहिलं, आणि वर आल्यावर बोटमालकाला सांगितलं.

मालकाने मला एका बाजूला घेतलं. तो माझ्या बापाच्या वयाचा आहे, ओरडत नाही. "आदी दात बसवून घे," तो म्हणाला, "तवसर बोटीवरच रव. खाली जाव नको." त्या दिवसापासून मी बोटीवर बसून लोकांना सिलिंडर बांधायचो, मास्क बसवून द्यायचो, माझं ते ठरलेलं बोलणं बोलायचो आणि दुसऱ्यांच्या हाती सोपवायचो.

या वेळी बायको मला एकट्याला सोडणार नव्हती. तिने बाजारातली जागा शेजारणीला सांभाळायला दिली, चांगली साडी नेसली आणि माझ्या मागे मोटारसायकलवर बसली.

कुडाळातला दातांचा दवाखाना स्टँडजवळ पहिल्या मजल्यावर आहे. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, बोलणं शांत, शुद्ध. तिने तोंडात आरसा घालून पाहिलं, एवढंच. मग खुर्ची सरळ केली आणि बायकोलाही आत बोलावून दोघांना समजावून सांगितलं. दात बसवायचे तीन मार्ग होते. एक म्हणजे हाडात स्क्रू बसवायचा आणि त्यावर दात. दुसरा, दोन्ही शेजारचे दात कापून बारीक करायचे आणि तिघांवर मिळून टोप्या घालायच्या. तिसरा त्यामानाने नवा. सिरॅमिकचा दात तयार करायचा, त्याला दोन्ही बाजूंना पातळ पंख ठेवायचे आणि ते पंख शेजारच्या दातांना आतल्या बाजूने चिकटवून टाकायचे. शेजारचे दात जवळजवळ कापावेच लागत नाहीत, जरासे घासून घेतले की झालं.

मी विचारलं, "भूल द्यावी लागते का?"

"शक्यतो नाहीच," ती म्हणाली.

माझा निर्णय तिथेच झाला. पण तसं तोंडाने कसं सांगणार? मी जरा विचार केल्यासारखं केलं, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणालो की शेजारचे दात धडधाकट आहेत, एकासाठी त्या दोघांना कशाला दुखवायचं? तिसरंच करू या.

डॉक्टर खूश झाली. म्हणाली, असा विचार करणारे पेशंट फार थोडे. लोक विचारतात लवकर कुठलं होईल आणि टिकेल किती. चांगल्या दाताला हात लावू नका असं स्वतःहून कोणी म्हणत नाही. टेबलावर बसून नावं लिहून घेणाऱ्या मुलीलाही तिने ते ऐकवलं. मी मान खाली घालून बसलो होतो, ते तिला विनय वाटला असेल. बायको माझ्याकडे बघत होती. तिला सगळं समजलं होतं, हे मला जास्त लागलं.

त्यानंतर माप घ्यायचं होतं. बायको बाहेर बाकावर जाऊन बसली. माझ्या गळ्यात साखळीने निळा कागदी रुमाल अडकवला. डॉक्टरने एका पसरट साच्यात निळं, मळलेल्या पिठासारखं काहीतरी भरलं. म्हणाली, घट्ट व्हायला थोडा वेळ लागतो, तोवर नाकाने श्वास घेत राहा. काही वाटलं तर हात वर करा, मी थांबेन.

हे शब्द ऐकताना मला कसंसंच झालं. माझंच बोलणं होतं ते. सावकाश, डोळ्यांत बघून. मी लोकांना जसं सांगतो तसंच ती मला सांगत होती, आणि माझ्यावर त्याचा काही परिणाम होत नव्हता. मी मान डोलावली, कारण माझ्यासमोरचे लोकही मान डोलावतात.

साचा वर दाबला गेला. तोंड भरलं. टाळ्यामागे काहीतरी सरकत गेल्यासारखं वाटलं. नाकाने श्वास घ्यायचा होता, आणि मला नाक आठवेना. इतकी वर्षं नाक विसरा, नाक विसरा असं लोकांना सांगत आलो, स्वतःही पाण्याखाली तोंडानेच श्वास घेत आलो. आता तोंड बंद झालं होतं आणि छातीत हवा येत नव्हती. मी मांडीवरचा हात उचलला आणि जे माझ्या अंगात मुरलंय ते केलं. अंगठा वर केला.

डॉक्टरने तो पाहिला आणि हसली. "छान," ती म्हणाली, "अगदी असंच राहा." आणि साचा आणखी घट्ट धरला.

मी अंगठा आणखी वर केला. ती आणखी हसली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी तिचा हात बाजूला ढकलला. साचा स्वतःच ओढून काढला, तो खाली पडल्याचा आवाज झाला. दार उघडून बाहेर आलो. बाकावर बायको होती, शेजारी एक म्हातारा आणि एक आई-मुलगी. बायको पिशवी घेऊन उभी राहिली. मी तिच्यासमोरून गेलो. जिना उतरलो. खाली मोटारसायकल होती, चावी खिशात होती. मी ती चालू केली आणि निघालो.

नेरूरपारचा पूल मागे पडला तरी मी थांबलो नाही. धामापूरच्या तळ्याजवळ आल्यावर गाडी बाजूला घेतली. तळ्याच्या पायरीवर बसून तोंड धुतलं. हनुवटीवर निळे गोळे वाळले होते, ते नखाने काढले. गळ्यात तो कागदी रुमाल तसाच होता. तो काढताना माझ्या लक्षात आलं की बायको मागे राहिली.

आता कोणी म्हणेल, लगेच गाडी वळवायची. मलाही तेच वाटलं. उठलो, गाडीपाशी गेलो आणि परत येऊन पायरीवर बसलो. परत जायचं म्हणजे त्याच जिन्याने वर जायचं, त्याच बाकावरच्या माणसांसमोरून. फोन वाजला. बायकोचा होता. वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी तो हातात धरून बघत राहिलो. पाण्याखाली कोणाला संकटात सोडून कधी वर आलो नाही, हे मी अभिमानाने सांगत असतो. तिथे दुपारच्या उन्हात बसून बायकोचा फोन मी उचलला नाही.

मग कुडाळहून मालवणला जाणारी एसटी आली. मी रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो. खिडकीत बायको होती. पिशवी मांडीवर, पदर डोक्यावर घेतलेला, ऊन लागू नये म्हणून. तिने मला पाहिलं. हात केला नाही, मान फिरवलीही नाही. बस पुढे गेली तसं तिचं तोंड सरकत गेलं. मी गाडी चालू केली आणि त्या बसच्या मागून मालवणपर्यंत आलो. पुढे जायची हिंमत नव्हती. वाटेत चौके गावात बस थांबली तेव्हा मीही मागे थांबलो. काही लोक उतरले, ती उतरली नाही. बस निघाली, मी निघालो.

घरी आल्यावर तिने साडी बदलली, चूल पेटवली, पेडवे माशांचं झणझणीत तिखलं केलं. जेवण वाढलं. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, आधी जेवून घ्या. जेवण झाल्यावर भांडी बाहेर नेता नेता दारात थांबली.

"तुमी पळालात तेचा माका काय वाटूक नाय," ती म्हणाली. "माका थंयसर सोडून गेलात, तेचा वाटला."

मी मान खाली घातली. ती पुढे म्हणाली की डॉक्टरबाईंनी तिला पाणी दिलं, बसवून घेतलं, यांना काही आजार आहे का म्हणून विचारलं. "मी सांगलंय, पोटात दुखता तेंच्या." माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, ते सांगताना तिचा आवाज जरा बदलला. मग ती भांडी घेऊन गेली. मी तिच्यामागे गेलो नाही. काय बोललो असतो? चुकलो म्हणणं सोपं होतं, आणि ते मी दुसऱ्या दिवशी म्हटलंही. पण बसच्या खिडकीतून माझ्याकडे बघून तिला काय वाटलं असेल, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

त्यानंतर मी बोटीवर जात राहिलो. सगळ्यांना सांगितलं की दाताचं काम चालू आहे, वेळ लागतो. अशात एक कुटुंब आलं, घाटावरचं. बाप, आई, दोन कॉलेजातल्या मुली. बाप चांगला धिप्पाड, मोठ्या आवाजात बोलणारा, मुलींना म्हणत होता की घाबरलात तर बघा. मी त्याला मास्क लावून दिला, माझं बोलणं बोललो, आणि दुसरा डायव्हर त्याला घेऊन खाली गेला. ते लगेच वर आले. त्या माणसाने अंगठा दाखवला होता. त्याला शिडीवरून वर ओढून घेतलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आई आणि मुली अजून खालीच होत्या.

अशी माणसं वर आली की आमच्या बोटीवर एकमेकांकडे बघून हसायची रीत आहे. त्या माणसाला दिसणार नाही असं. त्या दिवशी दोघे हसले. मला हसू आलं नाही. तो टॉवेल खांद्यावर घेऊन बसला होता आणि पाण्याकडे बघत होता. मुली वर आल्या की काय सांगायचं, हे तो मनात जुळवत असणार. मी त्याच्याजवळ गेलो, त्याचा मास्क हातात घेऊन कड चाचपली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मास्कची रबर ढिली झाली होती. पाणी शिरलं असणार. चूक आमची आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. वाटलं, त्याला समजलं. पण मुली वर आल्यावर त्याने तेच मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली. फाटका मास्क दिला, जीव गेला असता, अशी कशी तुमची व्यवस्था. किनाऱ्यावर उतरल्यावर त्याने मालकाला गाठलं आणि आणखी दहा माणसांसमोर ऐकवलं. मालकाने मला बोलावून विचारलं, मास्क तपासले नव्हतेस? मी म्हणालो, नाही. मालक म्हणाला, "खाली जावक नको म्हटलंय, तर वरचा तरी नीट कर." बाकीचे उभे होते. मास्कला काही झालेलं नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं. मला वाईट वाटलं, पण त्या माणसाचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही मास्कवरच ढकललं असतं. मी तर पोटावर ढकललं होतं, तेही बायकोच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी मीच दवाखान्यात फोन केला. टेबलावरच्या मुलीने नाव ओळखलं. थोडा वेळ कोणाशी तरी बोलल्याचं ऐकू आलं, आणि मग फोनवर डॉक्टर आली. म्हणाली, या, काही करणार नाही, नुसतं बसून बोलू.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, येते. पण मोटारसायकलवर बसली नाही. "मी एसटीन येतलंय," ती म्हणाली, आणि खरंच एसटीने आली. मी आधी पोचून खाली थांबलो, ती आली की दोघं मिळून जिना चढलो.

डॉक्टरसमोर बसून मी खरं सांगितलं. पोट दुखत नव्हतं, भीती वाटली. आणि मग पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ काय ते सांगितलं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे कान लाल झाले.

"माका काय म्हायत?" ती एकदम मालवणीत बोलली. "माका वाटला, तुमी बरा आसा म्हणतास." त्या दिवशी आपण साचा जास्त घट्ट धरला, हे आठवून तिला चांगलंच ओशाळल्यासारखं झालं होतं. "तुम्ही गेल्यावर मी बराच वेळ विचार करत होते की काय चुकलं," असं ती म्हणाली. मी पळालो आणि ती मागे राहून स्वतःची चूक शोधत बसली होती, हे ऐकून मला आणखी कानकोंडं झालं.

तिने मला घरचा अभ्यास दिला. तोंडात चमचा आडवा धरून नाकाने श्वास घ्यायचा, दिवसातून जमेल तेवढ्या वेळा. मी तो ओसरीवर बसून केला. येणारे-जाणारे बघायचे. बायको सूप घेऊन तांदूळ पाखडत समोर बसायची आणि मी श्वास चुकवला की नुसती मान हलवायची. ती पुन्हा माझ्याशी नीट बोलायला लागली ती त्या दिवसांत.

पुढच्या खेपेला माप झालं. खुर्ची आडवी न करता, बसूनच. बायको आत स्टुलावर होती. मी पूर्ण हात वर केला की थांबायचं, असं ठरलं होतं. मी एकदा हात वर केला, डॉक्टर थांबली. पाणी प्यायलो, पुन्हा सुरू केलं. दात कोल्हापूरच्या लॅबमधून तयार होऊन आला.

तो चिकटवायच्या दिवशी डॉक्टरने आधीच सांगून टाकलं की एक वेळ अशी येईल की तिला थांबता येणार नाही. दाताला थुंकी लागली की तो नीट चिकटत नाही, म्हणून तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, त्यातून फक्त हवे तेवढे दात बाहेर काढतात. ते बसवलं की मग सगळं ओळीने करावं लागतं. मी हो म्हटलं.

पडदा बसवेपर्यंत ठीक होतं. शेजारच्या दातांना आतून जरासं घासलं, काहीतरी लावलं, धुतलं, फुंकर मारून कोरडं केलं. मग तिने तो दात चिमट्यात धरून जागेवर ठेवला, आणि तेव्हाच माझी छाती आवळली. मी हात वर केला. तिने पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आता नाही थांबता येणार. थोडंच राहिलंय." चिकटवलेलं घट्ट करणारा निळा दिवा लावला. मी उठलो असतो. पाय खाली घ्यायला सुरुवातही केली होती. बायकोने स्टूल पुढे ओढलं आणि माझ्या नडगीवर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मी नाकाने श्वास घेत पडून राहिलो. डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं आणि ते पुसायला हात उचलवत नव्हता. धीराने सहन केलं असं मी म्हणणार नाही. एका तरुण मुलीसमोर आणि आपल्या बायकोसमोर मी रडत होतो, एवढंच खरं.

झाल्यावर डॉक्टरने आरसा दिला. दात शेजारच्यांसारखाच होता, तसाच थोडा पिवळसर. बायकोने वाकून पाहिलं. "खंयचो तो कळना नाय," ती म्हणाली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकावर एक गृहस्थ बसले होते, त्यांचाही मागचा दात गेलेला. डॉक्टर दारापर्यंत आली आणि त्यांना म्हणाली, यांना विचारा, यांनी हेच करून घेतलं. चांगले दात कापायचे नाहीत म्हणून यांनी स्वतः विचार करून निवडलं. त्या गृहस्थांनी मला विचारलं, खरंच बरं असतं का हे? मी म्हणालो, हो, शेजारच्या दातांना धक्का लागत नाही. बायको वरच्या पंख्याकडे बघत उभी होती. जिना उतरताना मला वाटलं की आता ती काहीतरी म्हणेल. तिने एवढंच विचारलं की बाजारातून आलं आणि मिरच्या घ्यायच्यात, थांबाल ना? मग दोघं मोटारसायकलवरून घरी आलो.

त्या आठवड्यात मी पुन्हा पाण्यात उतरलो. नळीचं टोक डाव्या बाजूलाही नीट धरता येतं आता. अजून खूप घट्ट चावत नाही. हाड किंवा कुर्लीची नांगी त्या बाजूने फोडू नका, पंख सुटू शकतो, असं डॉक्टरने बजावलंय. बोटीवरचे पोरगे विचारतात तेव्हा मी दात दाखवतो आणि सिरॅमिक, पंख, सगळं समजावून सांगतो. भुलीची सुई चुकवण्यासाठी ते निवडलं, हे सांगत नाही.

परवा दवाखान्यातून फोन आला. तपासणीची वेळ झाली होती. मी ओसरीवर होतो. पलीकडची मुलगी नाव घेऊन विचारत होती, आणि मी म्हणालो, "राँग नंबर." बायको अंगणात बांगडे साफ करत होती. तिने मान वर केली. विळी आडवी केली, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या हातातला फोन घेऊन तोच नंबर परत लावला. मंगळवारी सकाळी येतो म्हणून सांगितलं. फोन माझ्या बाजूला ठेवला आणि पुन्हा विळीवर जाऊन बसली.

मंगळवारी गेलो. दात नीट आहे. खुर्चीत बसलो तेव्हा हात गार पडले होते. डॉक्टरने विचारलं, आता पहिल्यासारखी भीती नाही ना वाटत? बायको स्टुलावर होती. मी म्हणालो, "नाही."